हिरव्या स्पंजाखाली

भविष्यकाळाला पांढरा गोंद लागतो आणि तो वाळेपर्यंत हात लावायचा नसतो, भविष्याबद्दल मॉडेलवाल्याला एवढंच ठाऊक होतं. बाकीचं ज्यांना ठाऊक होतं ते त्याच्या कारखान्यात येऊन, त्याच्याच स्टुलावर बसून, त्याचाच चहा पीत त्याला सांगत. तीस वर्षं तो ऐकत आला होता. त्याने पूल केले होते, इस्पितळं केली होती, एक विमानतळ केला होता. प्रत्येक वेळी मालक येई, टेबलाशी वाकून एक डोळा मिटी, स्वतःच्याच थाटाकडे बघत म्हणे, "वा!" आणि मॉडेलवाला मनात म्हणे, वा काय वा, पुठ्ठा आहे तो.

यंदा कारखान्यात दोन टेबलं होती आणि दोन्हींवर एकच शहर होतं. तीच नदी, तेच स्टेशन, तोच घड्याळाचा मनोरा. फरक एवढाच, की डावीकडच्या शहराला सूर्य पोसणार होता आणि उजवीकडच्याला अणू. शहराबाहेरचं जुनं कोळशाचं वीजकेंद्र बंद व्हायचं होतं आणि त्याच्या जागी काय आणायचं यावर लोक चिठ्ठ्या टाकणार होते. त्याआधी पाच दिवस दोन्ही मॉडेलं नगरसभेच्या मोठ्या दालनात ठेवायची होती. अशी कामं करणारा गावात हा एकटाच, म्हणून दोन्ही पक्ष त्याच्याकडे आले, आणि एकमेकांचं तोंड न बघता एकाच पायपुसण्याला पाय पुसून गेले.

सूर्याच्या बाजूने एक बाई येत. मॉडेलवाला मनातल्या मनात त्यांना काचबाई म्हणे, कारण त्यांच्या तोंडी काचेच्या तावदानांशिवाय दुसरा विषय नसे. अणूच्या बाजूने एक साहेब येत. त्यांचं नाव त्याने घुमटसाहेब ठेवलं होतं. त्यांच्या अणुभट्टीवर घुमट होता आणि त्यांच्या डोक्यावरही केस नव्हता.

"सूर्य सगळ्यांचा असतो हो," काचबाई म्हणत आणि टेबलावरची तावदानं बोटाने मोजत. पठारभर निळ्या कागदाची तावदानं त्याने ओळीने लावली होती. एकेक ओळ म्हणजे कोंबडीच्या पिसाएवढी, अशा शेकडो ओळी.

"बाई, तुमच्या नकाशावर पठार अजून दुप्पट आहे. टेबल संपलं."

"मग छान झालं की. टेबल संपलं तिथे शेत संपलं. लोकांना उगाच लांबलचक कशाला दाखवायचं?"

"आणि ही बॅटऱ्यांची गोदामं? अठ्ठावीस आहेत नकाशात."

"ती काढा. फार कुरूप दिसतात."

"मग रात्री वीज कुठून येते म्हणून कोणी विचारलं तर?"

नाक पुसायला रुमाल मागणाऱ्या लहान मुलाकडे बघावं तसं काचबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "रात्र दाखवायचीच नाही. मॉडेलवर कायम सकाळ असते."

घुमटसाहेब त्याच दिवशी दुपारी आले. ते बसत नसत, उभ्याउभ्या बोलत, जणू स्टूल त्यांच्या पात्रतेचं नव्हतं. खिशातून ते एक गोळी काढत, करंगळीच्या पेराएवढी, लाकडाची, राखाडी रंग दिलेली. हीच गोळी त्यांनी सभेत, शाळांत, वर्तमानपत्राच्या कचेरीत, सगळीकडे काढली होती.

"एवढ्याशा गोळीत," ते म्हणत, "एका कुटुंबाचे कित्येक महिने निघतात. धूर नाही, राख नाही. ऊन असो, नसो."

"आणि गोळी जळून गेली की?"

"ती एका इमारतीत ठेवतात. पाण्यात. अगदी सुरक्षित."

"इमारत कुठे करू?"

"इमारत करू नका," साहेब म्हणाले. "आणि घुमट जरा बसका करा. घराच्या गच्चीवरून दिसता कामा नये."

"साहेब, खरा तर दिसणारच."

"खरा बांधू तेव्हा बघू."

मॉडेलवाल्याने घुमट उतरवला, कानस घेतली आणि त्याला बसका केला. कोणी लग्नातल्या फोटोतून नावडता मेहुणा कापून काढावा तितक्याच सहजपणे त्याने गोदामं काढली, इमारत काढली. तो दोघांनाही हसत असे. संध्याकाळी कुलूप लावताना मोठ्याने हसत असे. एकाला रात्र नको होती, दुसऱ्याला उद्या नको होता. आणि माणसं तर दोघांनाही एकाच साच्यातली हवी होती. त्याच्या डबीत तांदळाच्या दाण्याएवढी माणसं होती: चालणारी, सायकलवरची, टोपलीवाली, काठी टेकणारी. काठीवाली काचबाईंनी परत डबीत टाकायला लावली. टोपलीवाली घुमटसाहेबांनी. "वाळत घातलेले कपडे नकोत," हे तर दोघांनी एकाच शब्दांत सांगितलं. भविष्यात कोणी म्हातारं होत नव्हतं, कोणी ओझं वाहत नव्हतं आणि कोणाचेही कपडे ओले होत नव्हते.

एक मागणी मात्र दोघांच्या यादीत सगळ्यात वर होती. नदी आणि पठार यांच्यामध्ये एक उतार होता. त्या उतारावर दोनशे बारा घरांची वस्ती होती. काचवाल्यांना तिथून पठारावर जायचा रस्ता आणि ती न दाखवायची गोदामं हवी होती. घुमटवाल्यांना तिथे नदीचं पाणी आणणारे नळ हवे होते आणि भट्टीभोवतीचा मोकळा पट्टा. दोघांनी आपापल्या नकाशावर त्या जागी हिरवी पेन्सिल फिरवली होती. "इथे झाडी करा," काचबाई म्हणाल्या. "इथे जरा हिरवळ," साहेब म्हणाले.

हिरवळ म्हणजे स्पंज. भांडी घासायचा नव्हे. बारीक चुरलेला, रंग दिलेला, पिशवीतून मिळणारा. मॉडेलवाल्याने गोंद पसरला आणि चिमटीने भुरभुरला. एका टेबलावर भुरभुरला, दुसऱ्यावर भुरभुरला. त्या दोनशे बारा घरांतल्या एका घरात तो जन्मला होता आणि त्याची थोरली बहीण अजून तिथेच राहत होती, हे त्याने दोघांनाही सांगितलं नव्हतं. गिऱ्हाइकांना तो सांगे, "आम्ही मूळचे नदीपलीकडचे." अकरा वर्षांत तो उतार चढला नव्हता. ताई कधी बाजारात भेटे, कधी फोन करी. तो म्हणे, "कामं फार आहेत गं." कामं खरंच फार होती. पण तोंड चुकवायला तेवढी लागत नाहीत.

नगरसभेचा एक नियम इथे सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. पूर्वी एकदा शहराने नदीवरच्या पुलासाठी मत दिलं होतं. मॉडेलात पुलाला दोन्ही बाजूंनी पायवाट होती, कठडे होते, बाकंसुद्धा होती. पूल झाला तेव्हा पायवाट गायब. विचारलं तर म्हणाले, मॉडेल हे मॉडेल असतं. लोकांनी असा काही गोंधळ घातला की नगरसभेला नियम करावा लागला: प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी दहाला मॉडेलवर काचेची पेटी बसवायची, चारी कोपऱ्यांना लाखेची मोहर लावायची, फोटो काढायचे. मोहरेखाली जे आहे ते वगळता येणार नाही. त्यातलं एक बाक हलवायचं तरी पुन्हा मतदान; हिरवळ तेवढी मोकळी जागा धरत, तिथे मागाहून काहीही आणता येई. त्या पुलाचं मॉडेल यानेच केलं होतं. ती बाकंसुद्धा.

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी दोन्ही मॉडेलं दालनात मांडून झाली होती. मॉडेलवाला ब्रशाने धूळ झटकत होता, तोच मागून आवाज आला.

"उचल जरा. खाली चादर घालायची आहे."

ताई होती. दोन्ही हातांवर घडी केलेल्या पांढऱ्या चादरींचा ढीग. नगरसभेच्या चादरी, टेबलपोस, पडदे तिच्याकडे इस्त्रीला असत, हे त्याला माहीत होतं; पण आज, इथे, तीच घेऊन येईल हे ध्यानात आलं नव्हतं.

"ताई! तू कशाला आलीस, पोरीला पाठवायचं."

"पोरगी कारखान्यात जाते आता. तुला काय ठाऊक!" तिने चादर झटकली. ताठ, गरम, कुठेही सुरकुती नाही. त्यांची आई कोळशाची इस्त्री चालवायची तेव्हा एक ओळ गुणगुणायची:

इस्त्रीच्या गं पोटामध्ये लाल निखारा निजला,
साहेबाचा गं सदरा माझ्या घामाने भिजला.

ताईची इस्त्री विजेची होती, पण ओळ तीच होती, आणि चादर घालताना ती आताही ओठांतल्या ओठांत चालू होती. चार हमालांनी एकेक करून दोन्ही शहरं उचलली, तिने चादरी पसरल्या, शहरं पुन्हा ठेवली गेली. मग ती वाकली.

"आता बघू तरी काय केलंयस ते. परवा गल्लीत भांडण झालं याच्यावरून. निम्मे म्हणतात सूर्य, निम्मे म्हणतात अणू. मी म्हटलं, वीज कुठूनही आणा, पण दुपारी चारला जाऊ देऊ नका. माझ्या इस्त्रीला सूर्य काय नि अणू काय, चटका सारखाच बसतो."

मॉडेलवाला ब्रश धुऊ लागला. ब्रश स्वच्छच होता.

ताईचं बोट नदीवरून निघालं. पूल ओलांडला, घड्याळाचा मनोरा, पाण्याची टाकी, टाकीच्या डावीकडे. थांबलं. ती दुसऱ्या टेबलाकडे गेली. नदी, पूल, मनोरा, टाकी, डावीकडे. थांबलं.

"चिमट्या," ती म्हणाली. चिमटा घेऊन बसायची लहानपणापासूनची सवय, आणि अंगाने तसाच बारीक, म्हणून घरात त्याला चिमट्या म्हणत. हे नाव त्याने किती तरी वर्षांत ऐकलं नव्हतं. "आम्ही कुठे आहोत?"

"ताई, हे पुढचं शहर आहे. वीस वर्षांनंतरचं."

"बरं. मग वीस वर्षांनंतर आम्ही कुठे आहोत?"

"अहवालात आहे ना सगळं. पुनर्वसन. तिसऱ्या भागात. दुसरीकडे घरं देणारेत."

"अहवाल राहू दे. बोट ठेव."

"काय?"

"माझ्या घरावर बोट ठेव. आईने तुला जिथे जन्म दिला तिथे. बघू तरी आठवतं का."

त्याने बोट ठेवलं. टाकीच्या डावीकडे चार बोटं, वळणावर. बोट मऊ हिरव्या स्पंजात रुतलं, आणि काढलं तेव्हा त्याच्या टोकाला हिरवा चुरा चिकटला होता.

ताईने तो चुरा पाहिला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने चादरीचा एक लोंबता कोपरा ओढून सरळ केला, तळहाताने दाबला, आणि म्हणाली, "गवत छान केलंयस."

मग रिकाम्या हातांनी ती गेली.

त्या संध्याकाळी कारखान्यात परतल्यावर मॉडेलवाल्याने आधी स्वतःला पुष्कळ समजावलं. मी कोण? मी पुठ्ठा कापतो. नकाशावर हिरवी पेन्सिल फिरवली ती त्यांनी. पण हे सगळं बोलताना त्याच्या कानावर त्याचाच आवाज येत होता, आणि तो आवाज घुमटसाहेबांसारखा वाटत होता: खरा बांधू तेव्हा बघू. तीस वर्षं ज्यांना तो हसला ते निदान स्वतःच्या फायद्यासाठी खोटं बोलत होते. हा दुसऱ्याच्या फायद्यासाठी, आणि तेही कौशल्याने. त्याला स्वतःची एवढी शिसारी आली की चहा कडू लागला.

मग त्याने फळीवरून लाकडाच्या पट्ट्या काढल्या. वस्तीच्या घरांना सगळ्यांना उतरती छपरं. पट्टीला आधी दोन बाजूंनी रंधा मारला की छपराचा आकार येतो, आणि मग भाजी चिरावी तसं कापत जायचं, एकेक तुकडा म्हणजे एकेक घर, नखाएवढं. रंग कुठला द्यायचा याला नकाशा लागला नाही. कोपऱ्यावरच्या न्हाव्याचं निळं. जोडे शिवणाऱ्याचं पत्र्याचं. तीन बहिणींची तीन घरं, एकाच भिंतीला टेकलेली, तिघींचं एकमेकींशी वाकडं. शिक्षकाचं, ज्याच्या खिडकीशी उभं राहून हा फुकट गणित शिकला. आईला इस्त्री फिरवायला ज्या घराने ओटा दिला होता ते. एक घर मनात आलं की त्याच्या शेजारचं आपोआप हात वर करी. दोनदा दोनशे अकरा घरं झाली तेव्हा त्याने शेवटी आपलं घर घेतलं, आणि दोन्ही टेबलांसाठी, फक्त त्याच एका घराला, सुईच्या टोकाने रस्त्याकडचं लाल दार काढलं. इतरांना दारं नव्हती. तेवढा पक्षपात त्याने केला.

सकाळी सहाला तो दालनाच्या दारात होता. पहारेकऱ्याने जांभई देत आत सोडलं; मॉडेलवाले शेवटच्या क्षणापर्यंत काहीतरी चिकटवतच असतात, हे त्याला ठाऊक होतं. मॉडेलवाल्याने चिमट्याने हिरवा स्पंज उपटला, खाली जमीन लागेपर्यंत. मग एकेक घर. आठपर्यंत डावं टेबल झालं, पावणेदहाला उजवं. शेवटी त्याने डबी उघडली आणि काठीवाली, टोपलीवाली, ओझंवाली सगळी माणसं दोन्ही उतारांवर सोडली. दोन्ही टेबलांवर, दोन घरांच्या मध्ये त्याने एकेक धागा ताणला आणि त्यावर पांढऱ्या कागदाचे तीन-तीन तुकडे लावले. कपडे. वाळत घातलेले.

दहाला पाच कमी असताना लोक आले. मोहरवाला कारकून, फोटोवाला, नगरसभेचे सभासद, काचबाई आपल्या माणसांसह, घुमटसाहेब आपल्या माणसांसह. काचबाईंनी पहिल्यांदा आपलं मॉडेल पाहिलं नाही. त्यांनी घुमटवाल्यांचं पाहिलं. घुमटसाहेबांनीही तेच केलं. स्वतःच्या मुलापेक्षा शेजाऱ्याच्या मुलाचे गुण आधी विचारणारी माणसं असतात, त्यातलीच ही.

काचबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम आखडलं. त्या मॉडेलवाल्याजवळ आल्या, ओठ न हलवता म्हणाल्या, "त्यांच्यात ती वस्ती आहे."

"हो, बाई."

"त्यांनी ठेवायला सांगितली?"

मॉडेलवाल्याने फक्त खांदे वर केले.

"हलकट," काचबाई पुटपुटल्या. "दोनशे घरांची मतं. आणि आम्ही तिथे झाडं लावून बसलोय!"

"तुमच्यातही आहे," मॉडेलवाला म्हणाला. "बघा."

त्यांनी वळून पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत आधी राग आला, मग हिशेब आला, मग एक फारच गोड हसू. "हुशार आहात हो तुम्ही," त्या म्हणाल्या आणि त्याच्या दंडावर थोपटलं. कुत्र्याला थोपटतात तसं.

पलीकडून घुमटसाहेब आले. तेच प्रश्न, फक्त आवाज जाड. "तिच्यात घरं कशी? ती बया लोकांना खूश करायला निघालीय. आमच्यात?"

"तुमच्यातही आहेत, साहेब."

"काढता येणार नाहीत?"

"येतील की. पाच मिनिटं आहेत. बाईंची मात्र राहतील."

घुमटसाहेबांनी खिशातली गोळी चाचपली. ते विचार करत होते, आणि त्यांच्यासारख्या माणसाला विचार करताना बघणं हे मॉडेलवाल्याच्या आयुष्यातल्या थोड्या सुखांपैकी एक होतं. "राहू द्या," ते शेवटी म्हणाले. "पण कपडे?"

"तेही बाईंच्यात आहेत."

"राहू द्या, राहू द्या!"

दहाचे टोले पडले. मोहरवाला कारकून पुढे झाला. पन्नाशीचा, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला माणूस. तो नेहमीप्रमाणे एका सुरात तीन प्रश्न विचारत गेला.

"मॉडेल पूर्ण आहे?"

"हो," काचबाई म्हणाल्या.

"मॉडेल तुमचं आहे?"

"हो, हो."

"यात जे दिसतं ते सगळं तुम्हाला मान्य आहे?"

"हो म्हटलं ना!"

कारकुनाने चष्म्यातून उताराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मॉडेलवाल्याकडे पाहिलं, आणि पुन्हा वहीत मान घातली. घुमटसाहेबांनीही तीनदा हो म्हटलं, शेवटचं काचबाईंपेक्षा मोठ्याने. पेट्या बसल्या. लाख वितळली, चारी कोपऱ्यांवर टपकली, मोहर उमटली. फोटोवाल्याने दोघांनाही पेटीवर हात ठेवून उभं केलं.

मग भाषणं. काचबाई म्हणाल्या, त्यांच्या संस्थेने सुरुवातीपासून उतारावरच्या बांधवांना मध्यवर्ती मानलं आहे, हे पाहा, घर ना घर जपलं आहे. घुमटसाहेब म्हणाले, माणूस हाच खरा अणू. याचा अर्थ काय हे कोणी विचारलं नाही, पण टाळ्या पडल्या. एका सभासदाने, "वाळत घातलेले कपडेसुद्धा! केवढी ही बारकाई!" असं म्हणून डोळे टिपले. मॉडेलवाला खांबाला टेकून उभा होता. त्याला हसू आलं नाही. तोंडाशी आलेली थुंकी त्याने गिळली, कारण खाली फरशी ताईच्याच ओळखीच्या बाया पुसत होत्या.

पाच दिवस लोक आले, वाकले, एक डोळा मिटून बघितलं. उतारावरचे लोकही आले. ते डोळा मिटत नव्हते. ते काचेला नाक लावून आपापलं घर शोधत होते आणि सापडलं की शेजाऱ्याला कोपर मारत होते. न्हाव्याने तर गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर आणलं. ताई तेवढी आली नाही. मॉडेलवाला रोज दाराकडे बघे.

सहाव्या दिवशी चिठ्ठ्या पडल्या आणि मोजल्या. काचवाले जिंकले, अगदी थोडक्यात. घुमटसाहेबांनी ती लाकडी गोळी दालनातल्या कचऱ्याच्या टोपलीत टाकली. तिच्यात कित्येक महिने होते, पण त्यांना ते आता नको होते. काचबाईंनी पेढे वाटावेत तसे हातांत हात दिले. आणि तासाभराने त्यांच्या फोनवर वरच्या कचेरीचा आवाज आला, इतका मोठा की शेजारी उभ्या असलेल्यांना शब्द न् शब्द कळला.

"दोनशे बारा घरं कोणी मंजूर केली? रस्ता कुठून नेणार? गोदामं कुठे, पेटीच्या काचेवर बांधणार?"

काचबाईंनी फोन ठेवला आणि सरळ मॉडेलवाल्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "हे तुम्ही केलंत."

"हो."

"त्यांनी सांगितलं नव्हतं."

"नाही."

"मलाही आणि त्यांनाही... फसवणूक आहे ही! मी मोहर तोडायला लावीन."

मागून मोहरवाला कारकून खाकरला. "तोडता येईल, बाई," तो त्याच एका सुरात म्हणाला. "पुन्हा मतदान. नियम सात. अर्ज माझ्याकडेच मिळतो. देऊ का?"

काचबाईंनी अर्ज घेतला नाही. थोडक्यात मिळालेला विजय कोणी दुसऱ्यांदा जुगारावर लावत नाही. "रस्ता वळवून न्यावा लागेल," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "आणि गोदामं पठारावरच, लोकांच्या डोळ्यांदेखत." मग मॉडेलवाल्याला, "तुम्हाला या शहरात पुन्हा काम मिळणार नाही, एवढं मी नक्की बघेन."

"बघा," मॉडेलवाला म्हणाला. "एक डोळा मिटून बघा. तसंच छान दिसतं."

संध्याकाळी दालन रिकामं होत असताना ताई चादरी परत न्यायला आली. हमालांनी काचेची पेटी धरून शहर उचललं, तिने खालची चादर ओढून घेतली, घडी घातली. हरलेलं शहर भिंतीशी लावून ठेवलं होतं; ती जिंकलेल्याकडे आली. मॉडेलवाला बाजूला झाला. नदी, पूल, मनोरा, टाकी, डावीकडे चार बोटं, वळण. काचेवरून ताईचं बोट थांबलं.

तिने इतका वेळ पाहिलं की तिच्या श्वासाने काच धुरकट झाली. तिने पदर नव्हे, हातातल्या चादरीचा कोपरा घेतला आणि पुसली.

"हे लाल काय आहे?"

"दार. आपलं."

"रस्त्याकडचं?"

"हो. तूच रंगवलं होतंस, आठवत नाही? मी डबा धरला होता."

"चिमट्या, ते दार मी सहा वर्षांपूर्वी बुजवलं. रस्ता उंच केला त्यांनी, सगळं पाणी घरात यायचं. दार मागच्या बाजूला आहे आता. हिरवं." ती सरळ उभी राहिली. "गल्लीतलं शेंबडं पोर सांगेल तुला हे. घर आणलंस, पण कुठलं आणलंस? तुझ्या डोक्यातलं."

त्याने पेटीकडे पाहिलं. चारी कोपऱ्यांना लाख, लाखेवर मोहर.

"आता बदलता येणार नाही, ताई. दारासाठीसुद्धा पुन्हा मतदान."

"मग राहू दे चुकीचं. ते मोजायला येतील तेव्हा मी त्यांना सांगेन, माझ्या भावाला शहराची खडान् खडा माहिती, फक्त स्वतःच्या घरात कुठून शिरायचं ते ठाऊक नाही."

तिने चादरींचा ढीग उचलला. अर्धा त्याच्या हातांवर ठेवला, न विचारता, आणि पायऱ्यांकडे निघाली. तो तसाच उभा राहिलेला पाहून ती वळली.

"चल ना. एकटी कशी नेऊ एवढं? आणि पुढून जाऊ नकोस, भिंतीवर आपटशील."